गॅप इयर की कॉलेज?

प्रश्न : बारावी झाली. पदवीसाठी अमेरिकेत जायचं आहे, पण अर्ज करायचे राहिले, ते आता पुढच्या फेरीत करणार. तोवर कॉलेजात नाव घालून ठेव, वर्ष वाया जाणार नाही, असं घरचे म्हणतात. तसं करू का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : अमेरिकाच ठरली असेल, तर बहुधा नको. शाळा संपल्यावर पदवीला पूर्णवेळ नाव घातलं की बऱ्याच विद्यापीठांच्या लेखी तुम्ही ‘फर्स्ट इयर’ अर्जदार राहत नाही, ‘ट्रान्सफर’ होता, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मध्येच येणारे. नामांकित खासगी विद्यापीठांत ट्रान्सफरच्या जागा मोजक्याच असतात. प्रिन्स्टनने तर 1990 नंतर थेट 2018 मध्ये पुन्हा ट्रान्सफर विद्यार्थी घेतले. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांच्या अनेक शिष्यवृत्त्या फक्त फर्स्ट इयरवाल्यांना मिळतात. खरा फटका बसतो तो इथे.

ही रेषा प्रत्येक ठिकाणी वेगळी. कुठे शाळेनंतरचा एक विषयही मोजतात, कुठे ठरावीक क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) ओलांडेपर्यंत चालतं. शाळेत असतानाच केलेले कॉलेजचे विषय सहसा आड येत नाहीत, आणि पदवीला न जोडलेले छोटे कोर्सही नाहीत. अंदाज बांधू नका. प्रवेश विभागाला ई-मेल करा : ‘शाळा अमुक महिन्यात संपली. अमुक महिन्यात पदवीला नाव घालून एक सत्र पूर्ण केलं, तर मी कोणत्या गटात मोडेन?’ आलेलं उत्तर जपून ठेवा.

‘प्रवेश घ्यायचा पण अर्जात लिहायचं नाही’ ही युक्ती कुणी ना कुणी सांगतंच. ती कानाआड करा. आधीच्या सगळ्या कॉलेजांची नावं अर्जात विचारतात. लपवल्याचं पुढे उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

आता मोकळं वर्ष. शिफारसपत्रं आणि शाळेचा अहवाल वर्षभरानंतरही शाळेकडूनच जातो, म्हणून शिक्षकांशी आत्ताच बोला. ते बदलून गेले तर गाठणं अवघड. लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. त्यामुळे सॅट ही प्रवेशासाठीची परीक्षा ऑक्टोबरपर्यंत उरकायला हवी. आयल्ट्स आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण 2 वर्षंच चालतात, ते मोजून तारीख घ्या. गंमत म्हणजे अर्जांचं काम जानेवारीत संपतं आणि निघायचं असतं ऑगस्टमध्ये. घसरण होते ती या मधल्या सात महिन्यांत. नोकरी, इंटर्नशिप, काहीही करा, पण तारखा असलेलं पत्र हाताशी ठेवा. व्हिसाच्या वेळी ‘वर्षभर काय केलं?’ हे विचारलं जाऊ शकतं.

प्रश्न : मुलाला जर्मनीत इंजिनिअरिंग करायचं आहे. त्यालाही हेच लागू का?
— एक पालक

उत्तर : नाही, तिथे गणित उलटं पडू शकतं. तुमच्याकडची बारावी थेट प्रवेशाला पुरते का, हे ‘अनाबिन’ या जर्मन माहितीसाठ्यात देशवार दिलेलं असतं. पुरत नसेल तर श्टुडिएनकोलेग, म्हणजे दोन सत्रांची पूर्वतयारी आणि शेवटी परीक्षा. पण काही देशांच्या विद्यार्थ्यांना मान्यताप्राप्त विद्यापीठातलं एक यशस्वी वर्ष दाखवून ते टाळता येतं. अशा वेळी कॉलेज हाच जवळचा रस्ता.

मात्र दोन अटी सांभाळा. वर्ष त्याच शाखेचं हवं. वाणिज्य करून इंजिनिअरिंगचं दार उघडत नाही. आणि ते पूर्ण उत्तीर्ण हवं, एखादा विषय मागे राहिला तर ते धरलं जाईलच असं नाही. श्टुडिएनकोलेगलाच जायचं असेल तर त्याचीही प्रवेश परीक्षा असते, तीही जर्मनमधून. मग मोकळं वर्ष भाषेला द्या. कॉलेजने मूळ गुणपत्रिका जमा करून घेतली असेल, तर ती परत मिळायला किती दिवस लागतात हे प्रवेश घेतानाच विचारा. ऐन अर्जाच्या वेळी हेच अडतं.

प्रश्न : ब्रिटनमधल्या विद्यापीठाची ऑफर हातात आहे. एक वर्ष पुढे ढकलता येईल?
— एक विद्यार्थी

उत्तर : विचारून पाहा, थेट विद्यापीठाला आणि लेखी. हा त्यांचा हक्काचा निर्णय. बहुतेक ठिकाणी एकच वर्ष मिळतं. ऑफर सशर्त असेल तर अटीतले गुण साधारणपणे याच वर्षी मिळवावे लागतात, पुढच्या वर्षी नव्हे. गणितासारख्या विषयांत काही विभाग नाखूश असतात, कारण सराव तुटतो. विनंतीतच वर्षभराच्या अभ्यासाचा बेत लिहा. शिष्यवृत्ती असेल तर तीही पुढे सरकेल का, हे वेगळं विचारा, कारण ती आपोआप सरकत नाही.