येळवस की वेळ अमावस्या?

प्रश्न असा आलाय की कॅलेंडरात 'वेळ अमावस्या' छापतात, घरी आजी 'येळवस' म्हणते, मग बरोबर काय आणि यात 'वेळ' कसली? तर आजीचंच बरोबर आहे, 'वेळ'चा इथे संबंध नाही असं माझं मत.

सण मार्गशीर्ष अमावस्येचा, लातूर-धाराशिवकडचा आणि सोलापूर, बीड, नांदेडच्या काही भागातला. शेजारी बिदर, कलबुर्गी, विजयपूरकडे त्याच दिवशी हाच सण असतो आणि कानडीत त्याला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. कानडीत शब्दाच्या सुरुवातीचा ए बोलताना ये होतो, त्यामुळे येळ्ळमावास्ये, मग आपल्याकडे येळामावस्या आणि शेवटी झिजून येळवस. आता गावाकडे वेळला येळ, वेगळ्याला येगळा म्हणतातच, म्हणून शिकलेल्या कुणाला तरी वाटलं असणार की हेही तसलंच 'अशुद्ध' बोलणं, आणि त्याने ते 'शुद्ध' करून वेळ केलं. नसलेली चूक दुरुस्त झाली आणि तीच छापून यायला लागली.

काहीजण सांगतात येळ म्हणजे सात, ज्येष्ठापासून मोजत आलं की ही सातवी अमावस्या. मोजणी बरोबर आहे, पण कानडीत सात म्हणजे एळु, त्यात ए दीर्घ आणि ळ एकच, तिळाच्या एळ्ळुत ए ऱ्हस्व आणि ळ जोड. मराठीत ए ऱ्हस्व-दीर्घ असा फरकच नाही त्यामुळे आपल्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात, पण कानडी माणूस कधीच गल्लत करणार नाही, आणि सणाचं नाव तिकडे जोड ळ नेच लिहितात. शिवाय या दिवशी तिळाच्या पोळ्या असतातच की.

सण म्हणायला सुगीचा, पण रान अजून उभं असतं, ज्वारी पोटऱ्यात (कणीस बाहेर पडायच्या बेतात) नाहीतर कणसात, हरभरा हिरवा. कडब्याची खोप, म्हणजे छोटी झोपडी करून आत पांडव मांडतात, म्हणजे चुना लावलेले पाच दगड, त्यांची पूजा झाली की 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत पिकात आंबील शिंपडत फिरायचं. याला चर शिंपणं म्हणतात आणि कानडीत चरग. नावापासून विधीपर्यंत दोन्हीकडची शेतं अशी एकमेकांत मिसळलेली आहेत, आणि मला या सणातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

आंबील शब्द मात्र आपला जुना, प्राकृतात अंबिल, मूळ संस्कृत अम्ल, आंबट आणि आंबणे त्याच घरातले. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवायचं, लसूण जिरं घालायचं आणि मडक्यात भरून डोक्यावरून रानात न्यायचं. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, गव्हाची खीर, धपाटे.

आणि भज्जी! बाहेरचे लोक हिला तळलेली भजी समजतात. ही पातळसर भाजी असते, तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे ओले दाणे, हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, कांद्याची पात, गाजर, जे जे रानात आलेलं असेल ते सगळं चिंचेच्या कोळात शिजवून वरून बेसन लावायचं. जोड ज उच्चारताना अजिबात सोडू नका, 'भजी वाढा' म्हणालात तर उंडे हातात घेऊन नुसतेच बसाल.