अर्थशास्त्र की वनसेवा? आधी पदवीची अट पाहावी

सप्रेम नमस्कार,

आपली कन्या यंदा बारावी विज्ञान शाखेची परीक्षा देत असून तिला वनाधिकारी व्हायचे आहे, मात्र जंगलाचे आर्थिक मोल कसे ठरवतात हे वाचल्यापासून ती अर्थशास्त्रात बी. ए. करायचे म्हणते, असे आपण देसाईगंजहून कळवले आहे. लाकूडचोरांच्या मागे धावण्यात मुलीने आयुष्य का घालवावे, असेही आपण विचारले आहे.

प्रवेशाची मुदत थांबत नाही, म्हणून तो मुद्दा आधी घेतो. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला बसण्यासाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय पदवीला असावा लागतो, किंवा कृषी, वनशास्त्र वा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत अर्थशास्त्र नाही. केवळ अर्थशास्त्राची पदवी घेतल्यास तिला पुढे या परीक्षेचा अर्जच भरता येणार नाही. म्हणून तिने बी. एस्सी. करावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठातील वनशास्त्राची पदवी चांगलीच आहे, पण तिचा ओढा पाहता मला संख्याशास्त्र अधिक योग्य वाटते. अर्थशास्त्राची आवड त्यामुळे मागे पडणार नाही, कारण जंगलाचे अर्थशास्त्रही शिकवणाऱ्या भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेतील पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश घेता येतो.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. सर्वोच्च न्यायालयात 1995 साली सुरू झालेल्या, वनसंरक्षणाबाबतच्या गोदावर्मन खटल्यातून अशी व्यवस्था उभी राहिली की खाणीसाठी वा धरणासाठी वनजमीन वळती करणाऱ्याने तिचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्या जंगलापासून पुढे मिळणाऱ्या लाभांची आजची किंमत, भरावी, आणि 2008 मध्ये जंगलाचा प्रकार व घनता पाहून हा दर हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये ठरला. या हिशेबात लाकडाबरोबरच वनोपज, चारा, पाणी, माती आणि हवेतील कार्बन धरून ठेवण्याची झाडांची शक्तीही मोजली जाते. चोरून तोडलेल्या सागाच्या गुन्ह्यात मात्र बहुधा लाकडाचीच किंमत कागदावर येते. नाक्यावर ट्रक अडवल्यावर लाकडाच्या नगांवरील वनखात्याच्या हातोड्याची खूण वाहतूक परवान्याशी ताडून पाहणे, नग जंगलात उरलेल्या बुंध्याच्या थुटाशी जुळवणे आणि न्यायालयात टिकेल असा पंचनामा करणे हे बुद्धीचे आणि चिकाटीचे काम आहे. जे हरवले त्याचे खरे मोल समजणारी व्यक्ती ते अधिक नेटाने करील, असे मला मनापासून वाटते.

कायदा केवळ पकडण्यासाठी नसतो, हे आपल्याच जिल्ह्याने देशाला दाखवले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्यानुसार 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते एप्रिल 2011 मध्ये. परवाना नसेल तर गावाच्या मालकीचा बांबूही कायदेशीरपणे बाहेर नेता येत नव्हता, म्हणजे हक्क असूनही त्याचे पैसे होत नव्हते. अशा ठिकाणी वनाधिकाऱ्याने कायदा कसा वाचला यावर गावाचे उत्पन्न ठरते. कायदा आणि अर्थशास्त्र अशा दोन्ही बाजू समजणारे अधिकारी गडचिरोलीला हवे आहेत, आणि आपली मुलगी तशी होऊ पाहते याचा मला आनंद आहे.

या नोकरीत धोका आहे, दूरच्या नेमणुका आहेत आणि रात्रीची गस्तही आहे. आपली काळजी रास्त आहे. पण निर्णय घेण्यापूर्वी सुट्टीत तिला मेंढ्याला घेऊन जा, ग्रामसभेच्या लोकांशी बोलू द्या, आणि परवानगी घेऊन एखाद्या वनरक्षकाबरोबर दिवसभर बीट, म्हणजे त्याच्या गस्तीचा भाग, फिरू द्या. वनसेवेच्या निवडीत मुलींना 4 तासांत 14 किलोमीटर चालावे लागते. शक्य असल्यास त्या दिवशी आपणही तिच्याबरोबर चालावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक