टीएमएस: उदासीवर, विस्मरणावर नव्हे

प्रश्न: वडील ७६ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं, आजार अजून सौम्य आहे. गेले सहा महिने ते गप्प असतात, पेपर उघडतही नाहीत, पहाटे तीनलाच जागे होतात. नैराश्याची दोन औषधं देऊन झाली, फरक नाही. आता डॉक्टर टीएमएस सुचवतात. म्हणजे शॉकच का? त्यानं स्मरणशक्ती परत येईल का? (सातारा)

उत्तर: शॉक नव्हे. शॉकमध्ये, म्हणजे ईसीटीत, भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. टीएमएसमध्ये ती येऊ नये याचीच काळजी घेतात. रुग्ण खुर्चीत जागा असतो आणि डोक्याला टेकवलेल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूच्या वरच्या थरात बारीक प्रवाह उमटतो. स्मरणशक्तीची आशा धरून मात्र पैसे भरू नका. नैराश्य ओसरलं तर लक्ष लागतं, त्यामुळे विसरणं थोडं कमी झाल्यासारखं वाटतं. अल्झायमरची झीज तशीच चालू राहते.

औषधं लागू पडली नाहीत याचंही नवल नाही. स्मृतिभ्रंशातल्या नैराश्यावर सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन यांची ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. २०११ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांत दोन्ही औषधं प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) सरस ठरली नाहीत. टीएमएसची बाजूही फार भक्कम समजू नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं २००८ साली त्याला मान्यता दिली ती नैराश्यासाठी. स्मृतिभ्रंश असलेल्यांवरच्या चाचण्या छोट्याच आहेत.

आधी हे नैराश्यच आहे ना, ते ठरू द्या. रडू, अपराधीपणा, ‘मी तुम्हाला ओझं झालोय’ असं बोलणं, भूक-झोप बिघडणं ही नैराश्याची लक्षणं. वाईटही वाटत नाही आणि कशात रसही नाही, ते औदासीन्य. अल्झायमरमध्ये ते फार आढळतं आणि नैराश्याच्या औषधांना सहसा दाद देत नाही. रुग्णाला स्वतःचं नीट सांगता येत नसेल तर ‘कॉर्नेल’ मोजपट्टी वापरतात. तिच्या १९ मुद्द्यांवर घरच्यांनाही विचारतात. उपचाराआधी आणि नंतर ती भरून घ्या, नाहीतर गुण आला की नाही यावर घरात वाद होतील. थायरॉइड, बी-१२ आणि सोडियम तपासा. बदल दोन-चार दिवसांतच झाला असेल तर लघवीचा संसर्ग किंवा नवं औषध हे कारण आधी शोधा.

नेहमीचा क्रम असा: डाव्या कपाळामागच्या भागावर १० हर्ट्झनं (सेकंदाला दहा) ४ सेकंद चुंबकीय ठोके, २६ सेकंद विश्रांती, असे ७५ वेळा, म्हणजे ३००० ठोके आणि साधारण ३७ मिनिटं. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. थीटा बर्स्ट या झटपट पुंजक्यांनी ठोके देण्याच्या पद्धतीत ६०० ठोके तीनेक मिनिटांत संपतात. जास्त वेळ स्थिर बसू न शकणाऱ्या वृद्धांसाठी आम्हाला तीच सोयीची वाटते.

गडबड होते ती मोजमापात. मेंदूवरच्या ठोक्यानं हाताचा अंगठा जेमतेम हलेल एवढी ताकद आधी शोधतात आणि बहुधा तिच्या १२० टक्क्यांवर उपचार देतात. पण वयानं आणि आजारानं मेंदू आकसतो, कवटीपासूनचं अंतर वाढतं आणि चुंबकीय क्षेत्र अंतरागणिक झपाट्यानं क्षीण होतं. मेंदूचा पुढचा भाग अंगठा हलवणाऱ्या भागापेक्षा जास्त आकसला असेल, तर अंगठ्यावर बेतलेली ताकद तिथे अपुरी पडते. दुसरी चूक जागेची: ‘अंगठ्याच्या बिंदूपासून ५ सेंटिमीटर पुढे’ हा जुना ठोकताळा अनेकांत चुकीच्या जागी नेतो. म्हणून केंद्राला थेट विचारा: जागा डोक्याची मापं घेऊन ठरवता की एमआरआयवरून? औषध बदललं तर ताकद पुन्हा मोजता का?

प्रश्न: सासूबाईंना पेसमेकर आहे, गुडघा बदललेला आहे आणि कानात यंत्र आहे. टीएमएस चालेल का? (पणजी)

उत्तर: गुडघ्याची अडचण नाही. कानाचं यंत्र काढून ठेवायचं आणि इअरप्लग घालायचेच, कारण कॉइलचा आवाज मोठा असतो. ऐकू येईनासं झालं की त्या गोंधळतील, म्हणून सूचना हाताच्या खुणांनी आधीच ठरवा. पेसमेकरचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानात बसवलेलं यंत्र) किंवा डोक्यात चुंबकाला ओढली जाणारी क्लिप असेल तर नको. फिटचा धोका हजारात एकाहून कमी धरतात, पण ट्रॅमाडॉल, बुप्रोपिऑन किंवा झोपेची गोळी अचानक बंद करणं यांनी तो वाढतो. औषधांच्या पट्ट्या सोबत न्या.

प्रश्न: ऑनलाइन मिळणारं टीडीसीएस यंत्र आईसाठी घरी वापरू का? (ठाणे)

उत्तर: डॉक्टरांनी लिहून, शिकवून आणि अधूनमधून तपासून दिलं तरच. टीडीसीएसमध्ये डोक्यावर ओले स्पंज ठेवून त्यांतून साधारण २ मिलिअँपिअर एवढा सौम्य विद्युतप्रवाह २० ते ३० मिनिटं देतात. स्पंज नळाच्या पाण्यात नव्हे, सलाइनमध्ये भिजवायचा. सुकला की प्रवाह एका ठिकाणी गोळा होऊन कातडी भाजते, गळत असेल तर तो भलतीकडे पसरतो. जखमेवर किंवा पुरळावर लावू नका. खाज आणि लाली नेहमीचीच, पण स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ‘भाजतंय’ असं सांगेलच याची खात्री नसते. म्हणून पूर्ण वेळ कोणीतरी शेजारी बसायला हवं, आणि दर वेळी स्पंज काढल्यावर खालची त्वचा पाहायला हवी.