विचारा, सांगतो

प्रश्न : मुलगा पोर्ट्समथला असतो. उन्हाळ्यात आम्ही दोघं जाणार आहोत. जवळचं हॅम्बल्डन म्हणजे क्रिकेटचं जन्मगाव, हे खरं का? तिथे सामना बघायला मिळेल? – एक वाचक, सातारा

उत्तर : जन्मगाव नव्हे. गिल्डफर्डच्या १५९८ च्या एका खटल्यात साक्षीदाराने शाळकरी वयात क्रिकेट खेळल्याचं सांगितलंय. हॅम्बल्डनचा डंका वाजला तो त्यानंतर पाऊणदोनशे वर्षांनी. पण वाजला जोरात! १७७७ साली सेव्हनओक्स या गावी त्यांनी सगळ्या इंग्लंडच्या संघाला डाव आणि १६८ धावांनी लोळवलं. एकट्या जेम्स एलवर्डच्या १६७. हॅम्बल्डनचा कर्णधार रिचर्ड नायरेन त्यांच्या जुन्या मैदानासमोरचा ‘बॅट अँड बॉल’ हा पब काही वर्षं चालवत होता. म्हणजे संघ, हिशेब आणि बिअर, सगळं एकाच माणसाच्या हाती. हे मैदान म्हणजे ब्रॉडहाफपेनी डाउन; पब तिथेच, गावाबाहेर दोनेक मैलांवर आहे. समोर १९०८ चा स्मारकस्तंभ. तो बघाच.

गावचा क्लब मात्र आता रिज मेडो या मैदानावर खेळतो. गावच्या सामन्यांना सहसा तिकीट नसतं. शनिवारी दुपारी जा, सीमारेषेबाहेर बसा. पंचांची वानवा असली की फलंदाजी करणाऱ्या संघातलाच एखादा पांढरा कोट चढवतो, आणि पायचीतचं अपील झालं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. दोन डावांमध्ये चहा, सँडविच, केक. तो खेळाडूंसाठी असतो. तुम्ही आपला थर्मास न्या. वहिनींना शाल घ्यायला सांगा, तिथला जून म्हणजे आपला जून नव्हे.