इच्छा झाली की अभ्यासाला बसेन

“मॅडम, त्याला अभ्यासाची इच्छाच उरलेली नाही,” ही तक्रार निकाल लागल्यानंतरच्या दिवसांत मला हमखास ऐकू येते. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षातील एका मुलाचे वडील (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) हेच वाक्य घेऊन आले होते. बारावीपर्यंत वर्गात पुढे असलेल्या या मुलाचे एम-थ्रीसह (गणिताचा तिसरा पेपर) दोन विषय राहिले होते आणि ते सुटल्यास मोटारसायकल घेऊन देण्याचे आमिषही दाखवून झाले होते.

आमिषांबाबत मी जरा साशंकच असते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१ मधील प्रयोगात कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेले विद्यार्थी, पैसे थांबताच त्याच कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळले. इथे तर गोडी आधीच आटलेली होती.

मुलाला मी इच्छेबद्दल काहीच विचारले नाही. अभ्यासाला बसल्यावर तो नेमके काय करतो, एवढेच विचारले. सोडवलेल्या प्रश्नपत्रिका तो वाचत असे, गणितातल्या लाप्लास रूपांतराची उदाहरणे वाचताना समजत, परीक्षेत मात्र पहिल्या पायरीवरच हात थांबे. असे दोनदा झाल्यावर ‘आपल्याला हे जमतच नाही’ अशी त्याची खात्री झाली, तास चुकू लागले, आणि रात्री तो प्रेरणादायी व्हिडिओ पाहत मन तयार होण्याची वाट पाहू लागला. ज्याला घरचे आळस म्हणत होते, तो माझ्या मते अपयशाचा परिणाम होता. कारण म्हणून त्याच्याकडे पाहणे चूक ठरले असते.

आम्ही ठरवले ते अगदी साधे होते: रोज एकच उदाहरण, पुस्तक मिटून, आणि अडल्यास कुठे अडले ते वहीत लिहायचे, कोणत्या प्रकरणापासून सुरुवात करायची हे त्याने ठरवायचे. पहिला आठवडा वाईट गेला, दुसऱ्या आठवड्यात तर तो आलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात एक उदाहरण शेवटपर्यंत सुटले आणि त्या रात्री कोणी न सांगता त्याने आणखी दोन सोडवली.

पुढच्या परीक्षेत एम-थ्री काठावर सुटला, दुसरा विषय मात्र राहिलाच. वडिलांनी फोनवर विचारले, “आता इच्छा आली म्हणायची का?” मी म्हटले, राहिलेल्या विषयासाठी त्याने कालच नवी वही घातली आहे, आणि मोटारसायकलचा विषय तूर्त काढू नका.