विणकाम-भरतकामाच्या गटात घरी केलेलं खाणं न्यायचं आहे. काय नेऊ आणि कशी काळजी घेऊ?

न्या, जरूर न्या. फक्त काम चालू असताना वाटू नका. खाण्याची वेळ वेगळी ठेवलीत की तुमच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

तुम्ही लिहिलंय की गटात पंधरा जण आहेत, महिन्यातून एकदा तीन तास भेटता, निम्मे विणतात, निम्मे भरतकाम करतात. तुम्हाला स्वयंपाकाची हौस आहे आणि एका सभासदाने 'डाग पडतील' म्हणून आधीच नाक मुरडलंय. आमच्या गटात ते नाक मुरडणारी मी होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

झालं असं की, एकदा कुणीतरी तळलेलं काहीतरी आणलं होतं. खरपूस, चवदार, सगळ्यांनी ताव मारला. माझ्या शेजारच्या बाईंनी दोन बोटांनीच खाल्लं, कागदी रुमालाला बोटं पुसली आणि सुया हातात घेतल्या. पाच महिने विणत असलेली मोतिया रंगाची जाळीदार शाल होती. त्या संध्याकाळी दिव्याखाली काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं तर कडेच्या चार ओळींवर मिरीएवढे गडद ठिपके. तेल कागदाला पुसून जात नाही, बोटावर पातळ पसरतं एवढंच. शिवाय लोकरीच्या बाबतीत न दिसलेला डागही महागात पडतो. कपड्यांच्या कसरीच्या अळ्या लोकरीतलं केराटिन नावाचं प्रथिन खातात, आणि जिथे अन्नाचा किंवा घामाचा अंश असतो तिथे आधी जातात. कपाटातून सहा महिन्यांनी काढलेल्या स्वेटरला नेमकं पोटावरच भोक का, याचं उत्तर बरेचदा हेच असतं.

चहा सांडला तर गरम पाणी आणि घासाघीस दोन्ही टाळा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि तेवढा भाग नमद्यासारखा घट्ट होऊन बसतो. डाग एकवेळ निघेल, नमदा उलगडत नाही. कोरडं फडकं वरून दाबून ओल टिपायची आणि थंड पाणी वापरायचं. चहात दूध असेल तर थंड पाणी हवंच, कारण गरम पाण्याने दुधातलं प्रथिन कापडात पक्कं बसतं.

आता काय न्यायचं. माझी कसोटी साधी आहे: पदार्थ हातात धरा, एक घास खा आणि बोटं पांढऱ्या सुती फडक्यावर टेकवा. खूण उमटली तर तो पदार्थ गटासाठी नाही, घरी खा. या कसोटीत वरून साखर भुरभुरलेलं, पाकातलं, आयसिंगवालं आणि भरपूर लोण्यातलं सगळं बाद होतं. साध्या केकचे एका घासाचे चौकोन, कोरडी बिस्किटं, द्राक्षं टिकतात. तरी सोबत दातकोरण्या ठेवा, म्हणजे बोट लावायची वेळच येत नाही.

कोरडं नेण्याचं दुसरं कारण पोटाचं आहे. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये राहिलं की जंतू भराभर वाढतात. म्हणून ते बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे दोन तास टेबलावर डबा उघडल्यापासून मोजायचे नाहीत. घरून निघालात, वाटेत तासभर गेला, मग गप्पा, मग काम, आणि खायची वेळ झाली तेव्हा हिशेब कधीच संपलेला असतो. साय, मेयोनेज, उकडलेली अंडी, भात असलं काही असेल तर बर्फाच्या पिशवीशिवाय नेऊ नका. भात लोकांना निरुपद्रवी वाटतो, पण त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्याने एकदा विष सोडलं की पुन्हा गरम करून ते जात नाही. आणि आपल्यासारख्यांच्या बोटांना सुईचे टोचे असतातच. एखादा पिकला असेल तर त्या वेळी स्वयंपाक दुसऱ्याला करू द्या. अशा जखमेतले जंतू अन्नात गेले तर त्यांचंही विष उकळीला दाद देत नाही.

ॲलर्जीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, पण खरी काळजी तिथे घ्यायला हवी. डाग पडला तर शाल जाते, इथे माणसाचा श्वास अडकू शकतो. अमेरिकेच्या कायद्यात ॲलर्जीचे नऊ मुख्य पदार्थ आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जलचर, बदाम-अक्रोडासारखी फळं, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तीळ त्या यादीत आला तो १ जानेवारी २०२३ पासून. त्यामुळे आधी विचारा, आणि प्रत्येक डब्यावर घटकांची चिठ्ठी लावा.

ही चिठ्ठी मी माझ्या चुकीतून शिकले. मी केक नेला होता. एका सभासदाने विचारलं, "यात सुकामेवा नाही ना?" मी छातीठोकपणे सांगितलं, नाही. माझ्या डोक्यात सुकामेवा म्हणजे वर पेरलेले तुकडे. केकमध्ये बदामाचं पीठ होतं, पण माझ्या लेखी ते 'पीठ' होतं! तिने तुकडा उचलला तेव्हा मला आठवलं आणि मी अक्षरशः तिचा हात धरला. तेव्हापासून चिठ्ठी आठवून लिहीत नाही. ओट्यावर एकेक बरणी उघडते तेव्हाच शेजारच्या कागदावर नाव टाकते. सुरी, पाट, भांडं आधी कशाला वापरलं होतं तेही त्यात येतं, कारण काही जणांना कणभरही चालत नाही. आणि कुणी 'नको' म्हटलं तर 'थोडंसं तरी घ्या' हा आग्रह करूच नका. प्रत्येकाने कारण का सांगावं?

वेळेचं म्हणाल तर आम्ही मध्ये वीस मिनिटं थांबतो. सगळ्यांचं काम पिशवीत, पिशवीची चेन बंद, मग डबे उघडतात. नंतर साबणाने हात धुऊन, कोरडे करूनच सुई हातात. ओल्या टिश्यूने भागत नाही, त्याचाच चिकटपणा बोटांवर राहतो. गटात कधी पॉलिमर क्ले (भाजून कडक होणारी प्लास्टिकची माती), रेझिन (ओतून घट्ट होणारं प्लास्टिक), झाळकाम (धातू वितळवून जोड देणं) किंवा रंगकाम होणार असेल तर खाणं दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि त्या कामाला लागलेली सुरी स्वयंपाकघरात परत आणू नका.

आणखी एक, जे कुणी उघड बोलत नाही. पहिल्या महिन्यात तुम्ही केक न्याल, दुसऱ्या महिन्यात कुणी दोन प्रकार आणेल, तिसऱ्यात टेबल भरेल. मग ज्यांना स्वयंपाक येत नाही किंवा वेळ नसतो ते यायचे हळूहळू बंद होतात. आमच्याकडे असे दोघे गेले, आणि का गेले ते आम्हाला फार उशिरा कळलं. पाळी लावा, एका वेळी दोघांनीच आणायचं. विकतचा बिस्किटाचा पुडा आणला तरी त्याला तेवढाच मान द्या. ॲलर्जीवाल्यांना उलट तोच बरा वाटतो, घटक छापलेले असतात. पंधरा जणांना वीस-बावीस तुकडे पुरतात, जास्त केलंत तर संपवायचा आग्रह सुरू होतो.

आणि हो, नाव डब्यावर आणि झाकणावर वेगवेगळं लिहा. डबा परत येतो, झाकण दुसऱ्याच डब्यावर बसून जातं.