चार दारांचा फ्रिज : दुरुस्ती की नवा?

प्रश्न : म्हापशात आमची खानावळ आहे. फ्रिज नऊ वर्षांचा. कॉम्प्रेसर थांबतच नाही. बदलावा का?

उत्तर : आधी दारात दहाची नोट अडकवून ओढा. सहज सुटली तर रबर गेलं, तेवढंच बदला. प्लग काढून कंडेन्सरवरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची) तेलकट धूळ ब्रशने झाडा. बरेच 'बिघडलेले' फ्रिज इथेच सुधारतात. तरीही रात्रभर आत ठेवलेल्या ग्लासातलं पाणी सकाळी ५ अंशांच्या वर असेल, तर मेकॅनिककडून गॅसची गळती तपासा. गळती झाळून बंद केलेली कॉइल (गॅसची नळी) काही महिन्यांत दुसरीकडे गळली, तर ती खाऱ्या हवेने कुजली समजा, पुन्हा झाळत बसू नका. पावसाळा नसतानाही फ्रिजच्या भिंतीला बाहेरून घाम येत असेल, तर आतला पफ (थंडावा राखणारा फोम) भिजलाय. त्याला इलाज नाही, फ्रिज काढाच. बांगडे-सुंगटं (कोळंबी) मात्र नव्या फ्रिजातही बर्फातच ठेवा.